चमच्याला लागलेला दात

सैदा शहराच्या जुन्या वस्तीत, बंदराकडे उतरणाऱ्या गल्लीत, मूल जेवेनासं झालं की आया त्याला उचलून नझीहाकडे नेत. नझीहा मुलाला मांडीवर आडवं घेई, त्याचे दोन्ही हात आपल्या डाव्या मुठीत धरी आणि उजव्या हाताने चमचा पुढे करत "हम्म!" असं काही म्हणे की ते तोंड आपोआप उघडे. वाटी रिकामी होईपर्यंत मुलाच्या अंगावर एक थेंब सांडत नसे. हनुवटीवर ओघळलेलं ती चमच्याच्याच कडेने निपटून परत तोंडात घाली. गल्लीतले निम्मे पुरुष, आता मिशा पिकलेले आणि पोटं सुटलेले, कधी ना कधी तिच्या मांडीवर जेवले होते, आणि हे ती त्यांना विसरू देत नसे. भर बाजारात ती मासळीवाल्याला म्हणायची, "लहानपणी तुझं तोंड उघडायला माझा जीव मेटाकुटीला यायचा. आता भाव सांगायला बरं पटकन उघडतं."

तिचं लग्न झालं नव्हतं. एकदा जमत आलं होतं, पण त्याच सुमारास आई अंथरुणाला खिळली आणि आईला भरवायला घरात कुणीतरी हवं होतं. आई गेली तोवर तो नवरामुलगा दोन पोरांचा बाप झाला होता. मग भावजय तिसऱ्या बाळंतपणात गेली, आणि इवलासा रबीअ नझीहाच्या मांडीवर आला. भाऊ भला माणूस, पण बायको गेल्यावर तो घरात असून नसल्यासारखा झाला आणि पुढे काही वर्षांनी खरोखरच गेला. तीन पोरं नझीहाने एकटीने वाढवली. थोरली दोघं परदेशी आहेत. ईदला फोनच्या पडद्यावर दिसतात, "अम्तो, किती वाळलात हो" म्हणतात, आणि पडदा काळा होतो.

रबीअ तेवढा राहिला. तो मिठाईच्या दुकानात कामाला, बायको हनादीबरोबर वरच्याच मजल्यावर राहतो, आणि जिना उतरताना रोज अम्तोच्या दारावर टकटक करून जातो. अम्तो म्हणजे आत्या. आई म्हणायची सवय नझीहाने त्याला मुद्दाम लावली नव्हती, गेलेल्या भावजयीचा मान म्हणून. तेव्हा आपण फार मोठं मन दाखवलं असं तिला वाटलं होतं. त्या मोठ्या मनाची किंमत तिला रबीअला मुलगा झाल्यावर कळली.

मुलाचं नाव तैम. गोल डोक्याचा, कान पुढे आलेला, हुबेहूब रबीअ. आता हे घर पुन्हा भरलं, असं नझीहाला वाटलं. पण तिकडे थोरली माणसं लहानाला स्वतःच्याच नात्याने हाक मारतात. आई पोराला "ये ममा" म्हणते, आजी "ये तेता" म्हणते. आणि तेता, म्हणजे आजी, हे नाव घेऊन बसली होती हनादीची आई, उम फिरास. दर रविवारी ती वरच्या डोंगरातल्या शहीम गावाहून गाडीने यायची आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवरूनच ओरडायची, "कुठाय माझा तेता? तेताचं काळीज कुठाय?" बाई अंगाने रुंद, ऑलिव्हच्या बागेत राबून हात खरखरीत झालेले, आणि हसायला लागली की शेजारच्या इमारतीतली कबुतरं उडायची. नझीहाच्या मनात यायचं, रबीअला रात्रंदिवस मी वाढवलं, त्याचं शी-शू मी काढलं, आणि तेता ही? आठवड्यातून एकदा टोपली घेऊन येणारी? कपात ओतलेली कॉफी तशीच थंड व्हायची.

जेवणाचं वय आलं तसं प्रकरण वाढलं. नझीहा तैमला तांदळाच्या पिठाची खीर द्यायची, मसूर शिजवून, गाळून, वर दोन थेंब ऑलिव्हचं तेल. तैम तिच्याकडे एकटक बघत जेवायचा, आणि जेवणापेक्षाही तिला ते बघणंच हवं असायचं. उम फिरासची तऱ्हा वेगळी. तिने एका रविवारी जमिनीवर जुनी चादर अंथरली, पोराला मधोमध बसवलं आणि त्याच्या पुढ्यात मऊ शिजवलेल्या गाजराची लांब फोड ठेवली.

"हे काय?" नझीहाने विचारलं.

"गाजर, सित्त नझीहा. सैदात मिळत नाही का?" उम फिरास तिला मानाने सित्त, म्हणजे बाईसाहेब, म्हणे.

"मिळतं. आम्ही ते माणसांना देतो. बाळांना कुस्करून देतो."

"देऊ की कुस्करूनही. त्याला थोडं धरू दे. हात काय फक्त टाळ्या वाजवायला दिलेत देवाने?"

तैमने गाजर धरलं, उलटसुलट करून बघितलं, कानाला लावलं, केसांत चोळलं, मग तोंडात कोंबलं आणि एकदम ओकारी आल्यासारखं करून लालेलाल झाला. नझीहाने किंकाळी फोडली, पोर उचललं आणि त्याच्या तोंडात बोट घालायला गेली. "बोट घालू नका!" उम फिरास म्हणाली. "तो खोकतोय, खोकू द्या. आपलं आपण काढेल." आणि तैमने खरोखरच तुकडा बाहेर टाकला, डोळ्यांतलं पाणी गालावर असतानाच हसला आणि पडलेल्या गाजरासाठी हात पसरला. पण हनादी दारात उभी होती आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता. नझीहाला तेवढं पुरेसं होतं.

"अल्लाची शपथ," ती सगळ्यांदेखत म्हणाली, "पहिला दात दिसेपर्यंत ह्याच्या हातात खायचं काही पडणार नाही! दात दिसला की मी स्वतः, माझ्या हाताने, त्याला रोटीचा तुकडा देईन. पण दात आधी."

हनादी मुळात वाद न घालणारी मुलगी. शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवते आणि घरी आली की कुणी आवाज चढवलेला तिला सोसत नाही. "बरं, अम्तो," ती म्हणाली. "दात येऊ दे. मग मात्र दोन्ही, चमचाही आणि हातातही. दवाखान्यातल्या बाईंनीही तेच सांगितलंय."

उम फिरासने चादर झटकली. जाताना तिने एक गुलाबी प्लास्टिकचा चमचा नझीहाच्या हातात दिला. "हिरड्यांना मऊ लागतो," ती म्हणाली. नझीहाने तो फडताळात मागे, मोडक्या झाकणांबरोबर टाकून दिला.

खरी काळजी निराळीच होती. सुट्टी संपली की हनादी शाळेत रुजू होणार होती, आणि तिची शाळा शहीमच्या वाटेवर. सकाळी जाताना पोराला आईकडे सोडायचं आणि येताना घ्यायचं, इतकं सोपं. रबीअने एकदा जेवताना सहज विचारलं, "मग तैमला कुठे ठेवायचं ठरलं?" हनादी म्हणाली, "जिथे तो नीट जेवेल तिथे." सहजच म्हणाली बिचारी. पण नझीहाने ते मनात धरलं. त्या दिवसापासून प्रत्येक वाटी ही परीक्षा झाली. तैमने शेवटचा घास नाकारला तर ती भिंतीवरच्या घड्याळाचा टिकटिक आवाज बंद करायची, खिडकी लावायची, पुन्हा "हम्म!" म्हणायची. शहीमला हे घड्याळ बंद करणारं कोण आहे?

मंगळवारी दुपारी ती त्याला मसुराचं भरवत होती. चौथा की पाचवा घास असेल. चमचा तोंडात गेला आणि टक् असा आवाज झाला.

नझीहा थांबली. चमचा पुन्हा घातला, जरा खाली दाबून. टक्.

तिने करंगळीने त्याचा खालचा ओठ ओढला. गुलाबी हिरडीत तांदळाच्या कणीएवढी पांढरी कड. नझीहाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. बायका अशा वेळी जीभ फिरवून लांबलचक किलकारी देतात. तीही द्यायला तिने तोंड उघडलं. साऱ्या गल्लीला कळू दे, पहिला दात अम्तोच्या चमच्याला लागला! त्या मुलखात पहिला दात ज्याला दिसतो त्याने पोराला नवे कपडे करायचे असतात, आणि तो मान वर्षानुवर्षं सांगितला जातो. रबीअचा पहिला दातही तिनेच पाहिला होता.

तोंड उघडलं, आणि तिला शपथ आठवली. दात आला म्हणजे रोटी. रोटी म्हणजे चादर, गाजर, केसांत मसूर. म्हणजे उम फिरास. रविवारी ती येईल, पोराला जमिनीवर बसवेल, आणि पोर नझीहाकडे बघायचं सोडून स्वतःच्या मुठीकडे बघायला लागेल. आणि मग हनादी म्हणेल, आईकडे तर तो आपल्या हाताने खातो.

नझीहाने तोंड मिटलं. तैमचा ओठ नीट जागेवर लावला, उरलेली वाटी भरवली, आणि तो झोपल्यावर उठून फडताळातून तो गुलाबी चमचा शोधून काढला. प्लास्टिकचा आवाज होत नाही.

संध्याकाळी हनादी पोराला न्यायला आली. "लाळ फार गळतेय ना अम्तो? बघू जरा हिरडी."

"बोट घालू नकोस ग," नझीहा म्हणाली. "सुजलीये. बोट लावलं की ताप भरतो. रबीअला भरला होता, तीन दिवस उतरला नव्हता." यातलं एक अक्षर खरं नव्हतं. हनादीने पुढे केलेलं बोट मागे घेतलं. सासू नसलेल्या घरातली ती सून, नझीहाच्या शब्दाबाहेर कधी गेली नव्हती.

पुढचे दिवस नझीहाला फार गोड गेले, आणि हे सांगायला हवं. रोज दुपारी ती खिडकी लावून घ्यायची आणि तो दात बघायची. बुधवारी जरासा वर, गुरुवारी आणखी. आईला ठाऊक नाही, बापाला नाही, त्या शहीमवालीला तर नाहीच. जगात फक्त दोघांना, तिला आणि तैमला. कुणी काहीही म्हणो, कुणाचं कुणाशी काहीही नातं असो, एवढी एक गोष्ट तिची एकटीची होती. ती स्वयंपाक करताना गुणगुणायची. रबीअ म्हणालासुद्धा, "काय अम्तो, कुणाचं मागणं आलंय की काय?" त्यावर तिने त्याच्या पाठीत लाटणं मारलं.

रविवारी उम फिरास आली, डाळिंबं आणि अंजिरं घेऊन. नझीहा वरच बसली होती, राखणीला बसावं तशी. पण पाण्याच्या टाक्या भरणारा माणूस खालून तिच्याच नावाने हाका मारायला लागला, तेव्हा तिला उठावं लागलं. त्याच्याशी भांडून ती परत वर आली तो चादर अंथरलेली, आणि तैम मधोमध, मुठीत गाजर.

"शपथ काय ठरली होती?" नझीहा दारातूनच ओरडली.

"शपथ तुमची होती, सित्त नझीहा. मी कुठे घेतली?" उम फिरास म्हणाली. मग तिने पोराच्या मुठीतलं गाजर हलकेच सोडवून खिडकीच्या उजेडात धरलं. "थांबा, थांबा. ही रेघ कशाची?"

मऊ गाजरावर एक बारीक, नीट चीर उमटली होती. उम फिरासने पोराच्या ओठाला अंगठा लावला, बघितलं, आणि जी किलकारी दिली ती बंदरापर्यंत गेली असेल. हनादी ओल्या हातांनी धावत आली. तिने दात बघितला, पुन्हा बघितला आणि रडायलाच लागली. "आणि बराच वर आलाय की ग आई! मला कसा कळला नाही?"

"तेताच्या गाजराला कळला!" उम फिरास हसत सुटली. "माशाल्ला, तेताचं पोर!"

नझीहाने अभिनंदन केलं, "मबरूक." एवढा एक शब्द तिने दातओठ आवळून काढला.

मग रीतीप्रमाणे सगळं झालं. उम फिरास त्याच दुपारी बाजारात जाऊन निळी विजार आणि पांढरा सदरा घेऊन आली आणि रात्री शहीमला परतलीच नाही. दात आल्यावर वाटायचे गहू दुसऱ्या दिवशी नझीहाच्याच घरात शिजवायचे ठरले, तिची बैठक मोठी म्हणून, आणि घुगऱ्या तिच्यासारख्या गल्लीत कुणाच्या होत नाहीत म्हणून. नाही म्हणायला तोंड नव्हतं. ती सकाळपासून चुलीपुढे उभी राहिली. गहू फुटेपर्यंत शिजवले, साखर, डाळिंबाचे दाणे, सोललेले बदाम, वर संत्र्याच्या फुलांचं पाणी. पळी ढवळताना तिला वाटत होतं की आपण आपल्याच हाताने त्या बाईच्या गळ्यात हार घालतोय. अन् तो दात, तो तर माझा होता. चांगले पाच दिवस माझा होता!

बायका आल्या. वाट्या फिरल्या. उम फिरासने तैमला नवे कपडे चढवून मांडीवर घेतलं, आणि प्रत्येक येणारीला गाजराची गोष्ट नव्याने सांगू लागली. दर वेळी त्या गोष्टीतली रेघ थोडी खोल होत होती. समोरच्या घरातली उम वलीद, जिची चारही मुलं नझीहाच्या मांडीवर जेवली होती, ती वाटी चाटत म्हणाली, "शेवटी रक्त ते रक्त. दातसुद्धा आपली आजी बघून निघाला."

"मंगळवारी निघाला," नझीहा म्हणाली.

तिला स्वतःला कळायच्या आत ती बोलून गेली होती. हातात पळी तशीच.

"काय म्हणालात?" उम वलीदने विचारलं.

"मंगळवारी निघाला म्हटलं! दुपारी! माझ्या चमच्याला लागला, दोनदा लागला, मी डोळ्यांनी बघितला. गाजराच्या गोष्टी कुणाला सांगता? ह्या घरात पहिला दात मी बघितलाय!"

सांगून झालं तेव्हा तिला क्षणभर इतकं मोकळं वाटलं की विचारू नका. तिने उम फिरासकडे बघितलं, आता हिचा चेहरा कसा पडतो ते पाहायला. पण उम फिरास तिच्याकडे बघतच नव्हती. ती आपल्या मुलीकडे बघत होती.

"मंगळवारी?" हनादी म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "म्हणून मला बोट लावू दिलं नाहीत?"

नझीहाने पळी खाली ठेवली.

"मी रोज विचारत होते अम्तो. रोज. बुधवारी विचारलं, गुरुवारी विचारलं. तुम्ही म्हणालात ताप येईल." तिने आईच्या मांडीवरून तैमला उचललं. "एकदाच येतो ना पहिला दात. मी आई आहे त्याची." आणि ती वर निघून गेली.

इतके दिवस नझीहाने हिशेब मांडला होता तो एकाच बाईशी. तिच्यापासून लपवायचं, तिच्यावर मात करायची. त्या हिशेबात हनादी कुठेच नव्हती. पोराची आई, आणि तिची आपल्याला आठवणसुद्धा झाली नाही, हे नझीहाच्या काळजात सुरीसारखं गेलं. बायकांनी घाईघाईने वाट्या संपवल्या. उम वलीदने जाताना दार इतकं हळू लावलं की त्याचीच लाज वाटली.

उम फिरास मात्र गेली नाही. तिने बाह्या वर केल्या आणि भांडी घासायला लागली. नझीहा कोचाच्या कडेला बसून राहिली.

"बोला की," शेवटी नझीहाच म्हणाली. "शिव्या द्या. तुमचा हक्क आहे."

"शिव्या काय द्यायच्या?" उम फिरास पाण्याखाली वाटी फिरवत म्हणाली. "मला तरी कुठे बघवतं? तो तुमच्या मांडीवर कसा जेवतो ते बघते मी. डोळे तुमच्यावर, तोंड आ. माझ्यापुढे तोंड उघडत नाही, सित्त नझीहा. आठवड्यातून एकदा दिसणारी बाई, का उघडेल? मी चमचा धरला की मान फिरवतो." तिने वाटी उपडी ठेवली. "म्हणून गाजर. गाजर तो आपलं आपण तोंडात घालतो. मला विचारावं लागत नाही."

हे ऐकून नझीहाला आधी आनंद झाला. खोटं कशाला बोला, उकळी फुटली तिच्या मनात. मान फिरवतो! माझ्यापुढे कधी नाही फिरवत! आणि मग तिला त्या आनंदाचीच किळस आली. समोर ती बाई पाठमोरी, खरखरीत हातांनी हिच्याच वाट्या विसळत होती.

"हनादी बोलली का काही?" नझीहाने विचारलं. "शाळेचं?"

"नाही. तिला राग लवकर येत नाही, पण आला की मुक्कामाला राहतो. मी काही सांगणार नाही तिला, इकडचं नाही की तिकडचं नाही." उम फिरासने हात पुसले, चादर खांद्यावर टाकली. "शपथेचं तेवढं बघा. दात आला की स्वतःच्या हाताने रोटी देईन म्हणाला होतात. अल्लाचं नाव घेतलं होतंत."

दुसऱ्या दिवशी दुपारी कुणी तैमला खाली आणलं नाही. मसूर गाळून ठेवलेले होते, त्यावर साय धरली. वरून त्याच्या खेळण्याचा आवाज छतातून येत होता, काहीतरी आपटल्याचा, मग हसण्याचा, आणि प्रत्येक आवाजाला नझीहा मान वर करत होती. रबीअ संध्याकाळी दारावर टकटक करून आत आला, मिठाईचा पुडा टेबलावर ठेवला. "थोडं थांबा, अम्तो," तो म्हणाला. "ती बोलेल." आणि बसलाही नाही.

नझीहा थांबणारी बाई नव्हे. तिसऱ्या दिवशी सकाळी ती बाजारात गेली, एक लाल विणलेला सदरा घेतला, कारण ज्याने दात पाहिला त्याने कपडे करायचे, आणि लपवला असला तरी पाहिला तिनेच होता. मग एका ताटलीत मऊ शिजवलेल्या गाजराच्या फोडी, रोटीचा कोवळा तुकडा, वाटीत मसूर, आणि दोन चमचे घेऊन ती जिना चढली. हनादीने दार उघडलं. आत या म्हणाली नाही, नको म्हणाली नाही.

नझीहाने आपल्या डोक्यावरची पांढरी ओढणी काढून जमिनीवर अंथरली, धुतलेली, इस्त्रीची. गुडघे कुरकुरत होते तरी खाली बसली. तैमला समोर बसवलं आणि रोटीचा तुकडा त्याच्या हातात दिला. मग स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

तुकडा तोंडात गेला, बाहेर आला, पुन्हा गेला. त्याला एकदा उबळ आली. नझीहाचा सगळा जीव गोळा झाला, पण हात मांडीखालून निघाले नाहीत. त्याने आपलं आपण थुंकलं. मग गाजर घेतलं आणि ओढणीवर चिरडलं, गालावर, भुवईवर, दोन बोटांच्या मध्ये. एकदाही त्याने नझीहाकडे बघितलं नाही. तो गाजराकडे बघत होता, मोठ्या कामाला बसलेल्या कारागिराने बघावं तसा, आणि नझीहाला त्या शिजलेल्या गाजराचा हेवा वाटला. साठीच्या घरातली बाई, गाजराचा हेवा! पण वाटला.

मध्येच तिने मसुराचा चमचा पुढे केला. "हम्म" मात्र म्हटलं नाही. तैमने तोंड उघडलं, घास घेतला, आणि चमचा परत जायच्या आत त्याचा दांडा मुठीत पकडला. नझीहाने ओढला. त्याने सोडला नाही. बारकी, चिकट, गाजराने माखलेली मूठ, आणि तीत एवढं बळ. दोघंही काही वेळ तसेच एक चमचा धरून बसले. गल्लीतल्या कित्येक पोरांच्या मुठी तिने आजवर सहज सोडवल्या होत्या.

तिने सोडला.

चमचा हवेत गेला, मसूर नझीहाच्या छातीवर, ओढणीवर, तैमच्या कानात. पोर खदखदून हसलं. आणि मागे दाराला टेकलेली हनादी, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, नाकातून फस्सकन हसली.

"फोडी आणखी लांब कापा, अम्तो," ती म्हणाली. "मुठीबाहेर राहायला हव्यात." मग थोड्या वेळाने, पोराचा कान पुसत, "सोमवारी शाळा आहे. सकाळी सातला खाली आणते त्याला."

नझीहाने नुसती मान हलवली.

"पण गुरुवारी आईकडे. दर गुरुवारी. तिलाही हवाच आहे तो."

गुरुवार हा शब्द नझीहाला टोचला, अगदी नेमक्या जुन्या जागी. तिथे चादर असेल, ते हसू असेल, "ये तेता" असेल, आणि दिवसभर इथे ही बैठक रिकामी. ती उठली, मसुराने भरलेली ओढणी गोळा केली.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "गुरुवारी संध्याकाळी आलीस की सांग मला, तिकडे काय काय खाल्लं त्याने."

"सगळं सांगू?"

नझीहा दारापर्यंत गेली, थांबली. "सगळं नको," ती म्हणाली.